आधी नाव, मग कविता

मिनियापोलिस
१४ जानेवारी २०१२

प्रिय दहबो,

सलाम. तू, सुगुले आणि मुलं सुखरूप असाल, अल्लाने तसंच ठेवावं. इकडे आम्ही ठीक. नदी गोठली आहे आणि आमच्या इमारतीची लिफ्ट पुन्हा बंद आहे. हूयो बरी आहे. तुझीही आईच ती, म्हणून कळवते. थंडीने जरा गप्प झाली आहे, बाकी खाते, झोपते.

डिसेंबरपासून तू माझा फोन उचलत नाहीस. आधी निदान ईदला तरी उचलायचीस. कोणी कान भरले ते तू सांगणार नाहीस, आणि मी विचारणारही नाही. शेजारच्या शम्सोची भावजय नैरोबीला निघाली आहे, हे पत्र तिच्या हाती पाठवते आहे. पाकिटाला दोन्हीकडून चिकटपट्टी लावली आहे. ती फाटलेली दिसली तर समज की बाईने वाटेत वाचलं. तिच्या चेहऱ्यावरून ती वाचेल असंच वाटतं.

आता मुख्य गोष्ट. इथल्या लायब्ररीने आपल्या सोमाली लोकांसाठी एक कपाट काढलं आहे. त्याची समिती आहे आणि मी तिच्यात आहे. मारित नावाची गोरी बाई ते सगळं बघते. तिचे आजी-आजोबा नॉर्वेहून आले होते, त्यामुळे तिला वाटतं की परक्या देशात येणं म्हणजे काय ते तिला आतून ठाऊक आहे. गोड हसते. इतकं गोड कोणी फुकट हसत नाही, म्हणून मी अजून तिचा केक खाल्लेला नाही.

कपाटात आधी काय होतं ते ऐक. समुद्री चाच्यांवर पुस्तकं, दुष्काळावर पुस्तकं, लढाईवर पुस्तकं, सगळी दुसऱ्यांनी लिहिलेली. मुखपृष्ठांवर तेच ते हडकलेलं पोर. मी मारितला म्हटलं, "बाई, तुमच्या कपाटात आम्ही एक तर मरतो, नाहीतर मारतो. आमच्यात कोणी चहा पीत नाही का?" तिने ते वहीत लिहून घेतलं. का लिहून घेतलं कोण जाणे, पण त्यानंतर मी तिच्याशी मोजूनमापून बोलते.

मग ठरलं की आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या कविता त्यांच्याच आवाजात घ्यायच्या, सीडी करायच्या आणि कपाटात ठेवायच्या. पुस्तकासारख्या घरी न्यायच्या, परत आणून द्यायच्या. कल्पना चांगली होती. पण आवाज भरायचं काम दिलं कोणाला? वारसमेला. त्याला सगळे कानवाला म्हणतात, कान बघितलेस तर तूही म्हणशील. मोगादिशूत रेडिओवर होता, टेपा कापायचा आणि जोडायचा. आणि तो कोणाच्यातला आहे, ओळख. तुझ्या सुगुलेच्या माणसांतला, त्याच्याच कुळातला. आपल्या भावाला, लिबानला, ज्यांनी मारलं त्यांच्यातला. समितीत मी एकटी आपली, तो एकटा त्यांचा, आणि मध्ये मारित. तिला वाटतं आम्ही दोघंही नुसते "सोमाली". मी तिला समजावत बसले नाही. परक्याला घरातली भांडणं दाखवून काय मिळतं?

ऑक्टोबरात हूयोनेही कविता भरली. तिला हात धरून मी नेलं. तिचा वेलदोड्याचा चहा थर्मासातून नेला. खोलीच्या दाराशी ती मला म्हणाली, "तू बाहेर बस, अंबरो." आत ती आणि कानवाला, बाहेर मी आणि थर्मास. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. काय म्हटलंस विचारलं तर म्हणाली, "जे म्हणायचं होतं ते."

गेल्या आठवड्यात सीड्या आल्या. हूयोची मारितच्या खोलीत लावली. दहबो, आवाज मधूनच सुरू होतो. बाकी सगळ्यांच्या सीडीवर रीतसर आहे: ही कविता अमक्याची, अमक्याला उद्देशून, अमक्या प्रसंगी. लहान पोरगंसुद्धा आधी नाव घेतं आणि मगच ओळ म्हणतं. नाव न घेता म्हणतो त्याला आपण चोर म्हणतो. आणि हूयो, जिने आयुष्यात लग्नात दोन ओळी म्हटल्या तरी आधी कवीची सात पिढ्यांची ओळख दिली, ती नाव विसरेल? वर डबीवर छापलं आहे, "कवी: अज्ञात". पुढे ऐकवलं नाही मला. मी उठून आले.

नाव कापलं आहे. कोणी कापलं ते सांगायला नको. तुझ्या सासरच्यांनी आपला भाऊ नेला, तुला नेलं, आता आईचं नावही नेलं. हूयोला अजून सांगितलेलं नाही. सध्या ती फोनवर बोलत नाही, तेव्हा तिला परस्पर विचारायचा प्रयत्न करू नकोस.

तुझी मोठी बहीण,
अंबरो


मिनियापोलिस
२० फेब्रुवारी २०१२

दहबो,

सलाम. उत्तर नाही. शम्सोची भावजय शपथेवर सांगते की पत्र तुझ्या हातात दिलं आणि तू तिला चहा पाजलास. म्हणजे तिला चहा आणि मला काही नाही.

कानवाल्याला मी गाठलं, समितीच्या बैठकीतच, मारितसमोर. मी विचारलं, "नाव कापलंस ना?"

"कापलं," म्हणाला. नुसतं इतकंच. मला वाटलं होतं नाकबूल करेल, त्याची तयारी करून गेले होते, ती सगळी वाया गेली.

"का?"

"ते मला सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही की सांगायला तोंड नाही? एवढे मोठे कान दिलेत देवाने, जीभ द्यायला विसरला वाटतं."

"जीभ आहे. ती दुसऱ्याकडे गहाण आहे," म्हणाला आणि केक खाऊ लागला. मारित एकदा याच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाली, "नाव कळलं तर मी डबीवर लगेच छापते. पण ते ज्याचं आहे त्याने सांगायला हवं." मी म्हटलं, मी मुलगी आहे, मी सांगते. तेव्हा कानवाला पहिल्यांदा तावातावाने बोलला, "तिने नको." का नको? कोणाची भीती आहे याला? त्याच्या माणसांचे कवी सगळे नावानिशी बसले आहेत, एकाचा तर आजोबासुद्धा छापला आहे.

दुसऱ्या दिवशी मॉलमध्ये, चहाच्या दुकानात, चार माणसं बसली असताना मी त्याला चोर म्हटलं. त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि उठून गेला. लोकांना बरं वाटलं नाही. मला वाटलं.

आता पुढचं कोणाला बोलू नकोस. बोलतेस कुठे म्हणा. मी ती सीडी घरी आणली, ऐकली, परत करायला गेले आणि आपल्या कपाटात न ठेवता नॉर्वेच्या स्वयंपाकाच्या पुस्तकांमागे सरकवली. वाळवलेल्या माशांची पुस्तकं आहेत ती, तिकडे कोणी फिरकत नाही. इथे नियम असा की वसंतापर्यंत एखादी वस्तू कोणीच नेली नाही, तर ती कपाटातून काढून टाकतात. मी म्हटलं, जाऊ दे. बेवारशी म्हणून मिरवण्यापेक्षा नसलेली बरी. पण आठ दिवसांनी बघते तो सीडी पुन्हा आपल्या कपाटात, अगदी समोर. मी पुन्हा मागे सरकवली. पुन्हा समोर. मारितला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाली, "ती तर कोणीतरी सारखं नेतंय." कोण ते सांगत नाही. कोणी काय नेलं हे सांगायचं नाही असा यांचा कायदा आहे. चांगला कायदा, पण माझ्या वेळेलाच आठवला यांना.

आणि आता जे लिहायचं नव्हतं ते. मी घरी ती सीडी शेवटपर्यंत ऐकली. त्यात हे आहे:

काट्यांचं कुंपण मी घातलं, फट एकही ठेवली नाही.
सकाळी मोजली जनावरं, एक पिल्लू नव्हतं.
अंगठा भाजलेली माझी पोर परक्या शेकोटीशी बसलेली
मी पाहिली, आणि काटे काढायला हात पुढे झाला नाही.

अंगठा कोणाचा भाजला होता? अंजेरोच्या तव्यावर, बाबा हजला गेले त्या वर्षी? माझे दोन्ही अंगठे धड आहेत.

वीस वर्षं ह्या घरात तुझं नाव घ्यायला बंदी होती. तू त्यांच्यातला नवरा केलास तेव्हा हूयोने शपथ घातली आणि मी ती पाळली. फोन मी तुला चोरून करायचे, जिन्यात उभी राहून. आणि ती मला बाहेर बसवून तुझ्यासाठी कविता करते. तिचं न्हाणंधुणं मी करते, औषधं मी देते, बर्फातून दवाखान्यात मी नेते. माझ्यावर तिने कधी एक ओळ केलेली नाही. लग्नातसुद्धा नाही. मला राग आला, दहबो, आणि तो अजून गेलेला नाही.

सीडी लागली तेव्हा हूयो पलंगावर होती. ऐकताना तिच्या एका डोळ्यातून पाणी आलं. मी विचारलं, हे दहबोसाठी आहे ना? पण तिला आता काही विचारून उपयोग नाही.

तुला या कवितेचं आधीपासून माहीत आहे का? मला तुझाही भरवसा वाटेनासा झाला आहे.

अंबरो


मिनियापोलिस
६ एप्रिल २०१२

माझ्या दहबो,

सलाम, तुला आणि तुझ्या घरातल्या सगळ्यांना. सुगुलेलाही. त्याला वेगळा सलाम मी पहिल्यांदाच लिहिते आहे, त्याला वाचून दाखव.

आधी ते, जे मी दोन पत्रांत लिहिलं नाही. हूयो गप्प आहे ती थंडीने नव्हे. नोव्हेंबरात एका शुक्रवारी ती तव्यावर अंजेरोचं पीठ ओतता ओतता खाली बसली, आणि तेव्हापासून बोललेली नाही. उजवा हात चालत नाही, तोंड एका बाजूला ओढलं आहे. ऐकू सगळं येतं, समजतं सगळं. शब्द एकही येत नाही. ज्या बाईने लग्नामागून लग्नं आपल्या कवितांनी उभी केली, तिला आता पाणी मागता येत नाही.

तुला का कळवलं नाही? मला वाटलं, तुला कोणाकडून तरी कळलंच असणार. आपल्या लोकांत शिंक आली तरी तिकडे नैरोबीत इस्लीच्या बाजारात कळते. कळूनही तू फोन उचलत नाहीस असं मी धरून चालले, आणि म्हटलं, स्वतःहून विचारेल तेव्हा सांगू. तू मनात काय धरून बसली आहेस ते मला गेल्या आठवड्यात कळलं.

कानवाला घरी आला. मी दार अर्धंच उघडलं. म्हणाला, "तुझ्याकडे आलेलो नाही, तुझ्या आईकडे, हावोकडे आलोय." आत येऊन तिच्या पलंगाशी स्टूल ओढून बसला. केळी आणली होती. मी दारातच उभी राहिले, कारण त्याच्या हातात आणखी काय आहे ते मला दिसत नव्हतं.

"हावो," तो म्हणाला, "तुझी मुलगी गावभर मला चोर म्हणत फिरते. मॉलमध्ये चहा प्यायची सोय ठेवली नाही तिने. मी तुला शब्द दिलाय, तो तू परत घेतल्याशिवाय मला सुटत नाही. आणि तू तर अशी गप्प. बोल, सांगू का हिला?"

आणि हूयो हसली. अर्ध्याच तोंडाने, पण हसली. नोव्हेंबरपासून मी ते पाहिलं नव्हतं. मग डावा हात उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटला.

"तू बघितलंस," तो मला म्हणाला. "नंतर म्हणू नकोस की कानवाल्याने बनवलं."

मग त्याने सांगितलं. त्या खोलीत हूयोने रीतसर सुरुवात केली होती. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आणि मग तुझं, ही कविता माझ्या मुलीला, दहबोला, असं. पूर्ण म्हटली. मग चहा मागितला, तो बाहेर माझ्याकडे होता, म्हणून नळाचं पाणी प्यायली आणि म्हणाली, "वारसमे, नावं कापून टाक. माझं नाव राहिलं तर इथून नैरोबीपर्यंत लोक बोटांवर मोजतील, कोणाची मुलगी, कोणत्या घरात गेली, भाऊ कोणी मारला. पोर तिथे त्यांच्यात राहते. तिला पुन्हा लोकांच्या तोंडी देऊ नकोस. ती आवाज ओळखेल, तेवढं पुरे. आणि तुझ्या माणसांकरवी तिच्या घरी पोचव, माझ्या माणसांकरवी नको, माझी माणसं आधी ऐकतील आणि मग देतील."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं? मी तिची मुलगी."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, अंबरोला सांगू नकोस, ती निरोप पोचवत नाही, पंचायत भरवते."

हूयो पुन्हा हसली. आईला माझी चांगलीच ओळख आहे.

म्हणजे तिने त्याला निवडला तो त्यांच्यातला होता म्हणूनच. मला जे त्याचं पाप वाटत होतं त्याच्यासाठीच तिला तो हवा होता. आणि सीडी लायब्ररीतून सारखा नेणाराही तोच. नेली नाही तर काढून टाकतील म्हणून दर वेळी नावावर घ्यायचा, परत करायचा. म्हणाला, "माशांच्या पुस्तकांमागे तिसऱ्यांदा सापडली तेव्हा कळलं की हे काम सोमाली बाईचंच." मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार होते?

जाताना मी विचारलं, माझ्यासाठी तिने एकही ओळ का केली नाही. त्याने खोटं सांगितलं नाही. म्हणाला, "ते मला माहीत नाही. पण तू इथेच असतेस ना. घरात असलेल्या माणसाशी माणूस नुसतं बोलतो." मी म्हटलं, आता तेही नाही. तो जोडे घालत राहिला.

आता तुझ्याबद्दल. त्याने सांगितलं की सीडी डिसेंबरातच तुझ्या घरी पोचली. तू एकदाच ऐकलीस आणि सुगुलेला विचारलंस, "नाव का नाही घेतलं तिने?" आणि मग आमच्याकडचे फोन उचलणं बंद केलंस. सुगुलेने हे वारसमेला फोनवर सांगितलं, आणि वारसमे शब्दात अडकलेला, त्याला तुला खुलासा करता येईना. हूयोच्या आजाराचंही तो तिकडे बोलला नाही. म्हणे, ते कळवणं घरच्यांचं काम, आणि घरची म्हणजे मी.

दहबो, तुला वाटलं तिला अजून तुझी लाज वाटते. तू तसं समजणार नाहीस तर कोण समजेल, आपण दोघी एकाच आईच्या. तिने नाव झाकलं ते तुला लोकांपासून वाचवायला. आणि मी चिकटपट्टी लावून तुला पत्रं पाठवत होते, त्यात ओरडत होते की तुझ्या सासरच्यांनी नाव चोरलं. वाचताना तुला काय झालं असेल ते मला आता कळतं. मला माफ कर.

या पत्राबरोबर दुसरी सीडी आहे. वारसमेने न कापलेली जपून ठेवली होती, कापलेलं फेकायची रेडिओवाल्यांना सवय नसते म्हणे. वारसमेची भाची आणते आहे. पाकीट उघडंच ठेवलं आहे. सुरुवात ऐक. ती तुझं नाव घेते. वीस वर्षांनी घेते, आणि घेताना थांबत नाही.

मारित विचारते आहे की डबीवरचं "अज्ञात" काढू का. मी सांगू शकत नाही. वारसमेही नाही. आपल्या रीतीने नाव कवीने सांगावं, नाहीतर ज्याच्यासाठी कविता केली त्याने. कवीला आता बोलता येत नाही. म्हणजे तूच राहिलीस. नाव छापलं तर लोक बोलतील, हूयोची भीती खोटी नाही, आणि ते झेलावं लागेल तुला, मला नाही. नको म्हणालीस तर तसंच राहील आणि मी पुन्हा ते माशांमागे लपवणार नाही. मारितने थांबायचं कबूल केलं आहे. तिचा केकही मी खाल्ला. फार गोड होता, बाकी काही संशयास्पद नव्हतं.

पण ते नंतर. आधी फोन कर. शुक्रवारी नमाजानंतर मी फोन हूयोच्या डाव्या कानाला धरीन, उजव्याने आधीपासूनच कमी ऐकू येतं. उत्तराची वाट बघू नकोस, तिच्याकडून येणार नाही. मी मध्ये बोलणार नाही. हवं तर बाहेर जाऊन बसेन, थर्मास घेऊन. तू फक्त सुरुवात रीतीने कर, आधी नाव घे, तिचं आणि मग तुझं. पुढचं ती ओळखेल.

पत्राच्या सुरुवातीलाच जे लिहायला हवं होतं ते शेवटी लिहिते. हे शब्द अंबरोचे, हावो गुलेदच्या थोरल्या मुलीचे, हावो गुलेदच्या धाकट्या मुलीला, दहबोला, आई अजून ऐकते आहे त्या दिवसांत लिहिलेले.